रांग धरावी कोणती?

२०२० च्या सप्टेंबरअखेर अमेरिकी परराष्ट्र खात्याचं ऑक्टोबरचं व्हिसा बुलेटिन निघालं आणि भारतीय इंजिनिअरांनी वकिलांकडे एका चमत्कारिक मागणीचा धोशा लावला: आम्हाला वरच्या श्रेणीतून खालच्या श्रेणीत टाका. एम.एस.च्या जोरावर किंवा पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव दाखवून ज्यांनी ‘ईबी-टू’मध्ये ग्रीन कार्डाची रांग धरली होती, त्यांना आता साध्या पदवीधरांची ‘ईबी-थ्री’ हवी होती. कारण बुलेटिनच्या एका तक्त्यात होतं. भारतात जन्मलेल्यांना शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरता येण्याची तारीख ईबी-टूत १५ मे २०११ होती, ईबी-थ्रीत १ जानेवारी २०१५. खालची रांग वरच्या रांगेच्या साडेतीन वर्षं पुढे निघून गेली होती.

याला सगळे ‘डाउनग्रेड’ म्हणतात. पगार तोच, काम तेच, फक्त कंपनीने जुन्याच मंजुरीवर नवा आय-१४०, म्हणजे कर्मचाऱ्याच्या वतीने करायचा अर्ज, भरायचा आणि आपली रांगेतली जुनी तारीख नव्या श्रेणीत न्यायची. ऐकायला सोपं. पण त्यानंतरच्या पाच वर्षांत ज्यांनी हे केलं, ज्यांनी केलं नाही आणि ज्यांनी करून पुन्हा बदललं, त्यांच्या वाटा इतक्या फाटत गेल्या की ग्रीन कार्डाची वाट पाहणं म्हणजे गप्प बसून राहणं, हा समज ठेवायला जागा उरली नाही. इथे वाट पाहणाऱ्याला सारखं काहीतरी ठरवावं लागतं, आणि ज्या माहितीवर ठरवायचं ती दर महिन्याला बदलते.

आधी रांग का आहे ते सांगतो. थोरल्या जॉर्ज बुश यांनी नोव्हेंबर १९९० मध्ये सही केलेल्या कायद्याने नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार ठरवली आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा घातली. भारत काय आणि आइसलँड काय, सारखेच. ईबी-टूच्या वाट्याला यातली सुमारे चाळीस हजार येतात. त्यांचे सात टक्के म्हणजे साधारण अठ्ठावीसशे. यात नवरा, बायको, मुलं सगळी मोजली जातात. इतर देशांची उरलेली कार्डं मिळतात तेव्हा भारताचा आकडा फुगतो, एरवी नाही. त्याच कायद्याने एच-वन-बी, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या, व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५ हजार ठेवली, पण त्यावर देशवार मर्यादा ठेवली नाही. दार रुंद ठेवलं आणि जिना अरुंद बांधला, त्याची ही गर्दी. केटो इन्स्टिट्यूटच्या डेव्हिड बियर यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार नोकरीच्या रांगेत सुमारे १८ लाख माणसं होती, त्यातले ११ लाख भारतीय. आणि नव्याने रांगेत शिरणाऱ्या भारतीयाची प्रतीक्षा १३४ वर्षांची. या आकड्यावर हसू येतं, पण तो साध्या भागाकारातून आलेला आहे.

ही मर्यादा काढण्याचं विधेयक अमेरिकी प्रतिनिधीगृहात जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटनेही डिसेंबर २०२० मध्ये स्वतःचा मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुद्यांचा मेळ काही बसला नाही आणि विषय तिथेच संपला. म्हणून आता आहे त्याच कायद्यात वाट शोधायची.

उदाहरणासाठी एक कुटुंब घेऊ. नवरा सांगलीचा, बायको नाशिकची. मुलगी पुण्यात २००८ मध्ये जन्मली, मुलगा न्यू जर्सीत २०१२ मध्ये. नवऱ्याच्या कंपनीने ‘पर्म’ केलं. म्हणजे या जागेसाठी लायक अमेरिकी माणूस मिळत नाही हे कामगार खात्याला दाखवलं. त्यासाठी रविवारच्या वर्तमानपत्रात दोन जाहिराती देण्याचा नियम आहे, आणि त्या जाहिराती नोकरी शोधणाऱ्यापेक्षा वकीलच जास्त बारकाईने वाचतात. पर्मचा अर्ज पोचला ती तारीख मार्च २०१४. हीच त्यांची ‘प्रायॉरिटी डेट’. नोकरी बदलली, कंपनी बदलली, श्रेणी बदलली तरी आय-१४० एकदा मंजूर झालेला असेल तर ही तारीख सहसा माणसाबरोबर राहते.

आता हेच कुटुंब तीन घरांत वाटून पाहू. तिघांचीही तारीख मार्च २०१४, तिघेही ईबी-टूत.

पहिल्या घराने २०२० च्या हिवाळ्यात डाउनग्रेड केलं. ईबी-थ्रीचा तक्ता १ जानेवारी २०१५ पर्यंत खुला होता, म्हणून चौघांपैकी तिघांचे आय-४८५, म्हणजे शेवटच्या टप्प्याचे, अर्ज गेले (मुलगा जन्मानेच नागरिक). काही महिन्यांत तिघांना ईएडी, म्हणजे कुणाहीकडे काम करण्याचा परवाना, आणि ‘अॅडव्हान्स परोल’, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची मुभा मिळाली. पण कार्ड मात्र येईना. कार्ड प्रत्यक्ष देण्याची तारीख बुलेटिनच्या दुसऱ्या तक्त्यात असते, तिला अंतिम तारीख म्हणू. ईबी-थ्रीची अंतिम तारीख सप्टेंबर २०२१ मध्ये १ जानेवारी २०१४ पर्यंत आली, म्हणजे यांच्या दोन-तीन महिने अलीकडे थांबली, आणि नोव्हेंबरमध्ये जानेवारी २०१२ वर मागे गेली. मग २०२२ मध्ये गंमत झाली. सोडलेली ईबी-टू धावत सुटली: एप्रिलमध्ये जुलै २०१३, मे महिन्यात १ सप्टेंबर २०१४, जुलैमध्ये १ डिसेंबर २०१४. या घराने वकिलाला सांगून ‘इंटरफाइल’ केलं, म्हणजे प्रलंबित अर्ज जुन्या ईबी-टूच्या आय-१४० वर परत आणला. त्यासाठी एक पत्र लागतं आणि कंपनीच्या सहीचा एक पुरवणी फॉर्म. कागदपत्रं वेळेत पोचली, तर अशा घराला २०२२ च्या उन्हाळ्यात कार्ड मिळणं शक्य होतं.

दुसऱ्या घरानेही डाउनग्रेड केलं, ईएडी मिळाल्यावर सुटकेचा श्वास सोडला आणि इंटरफाइलच्या भानगडीत पडलं नाही. कदाचित कंपनीने पुरवणी फॉर्मवर सही द्यायला टाळाटाळ केली असेल, कदाचित ‘आता पुन्हा कशाला हलवायचं’ असं वाटलं असेल. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतासाठी ईबी-थ्रीची अंतिम तारीख २२ ऑगस्ट २०१३ होती आणि ईबी-टूची १ एप्रिल २०१३. मार्च २०१४ चं हे घर तेव्हाही रांगेतच होतं.

तिसरं घर ईबी-टूतच राहिलं. ‘मास्टर्स केलंय, खाली कशाला जायचं’ हा अहंकार त्यात थोडा असेलही. पण नव्या अर्जाचा खर्च, कंपनीची अनिच्छा आणि नवा अर्ज नाकारला गेला तर जुन्यावर बालंट येईल ही भीती, ही कारणं खरी होती. त्यांना आय-४८५ भरायची संधी मिळाली ती २०२२ मध्ये. वैद्यकीय तपासणीचं बंद पाकीट, बोटांचे ठसे, छाननी असं सगळं होईतो त्या वर्षाचा ईबी-टूचा कोटा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपला, आणि डिसेंबरमध्ये तारीख ऑक्टोबर २०११ वर आली. काहींचं काम झालं, काहींचं काठावर राहिलं.

तीन घरांपैकी शहाणं कोण? पहिलं, असं आज म्हणणं सोपं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-टू दीड वर्षाने उसळी घेईल हे कुणीही सांगू शकत नव्हतं. उसळीचं कारणही रांगेच्या बाहेरचं होतं. एप्रिल २०२० मध्ये साथीचं निमित्त करून ट्रम्प सरकारने परदेशातून येणाऱ्या बहुतेक कायम वास्तव्याच्या व्हिसांना स्थगिती दिली, वकिलाती बंदच होत्या. भावाबहिणींच्या, मुलांच्या नात्याने येणाऱ्यांची कार्डं वापरली गेली नाहीत आणि कायद्याप्रमाणे ती पुढच्या वर्षी नोकरीच्या खात्यात आली. १ लाख ४० हजारांऐवजी २०२१ च्या आर्थिक वर्षात २ लाख ६२ हजार, २०२२ मध्ये २ लाख ८१ हजार. त्यातलीही पहिल्या वर्षी सुमारे ६६ हजार इमिग्रेशन खात्याच्या संथपणामुळे वाया गेली. कोल्हापुरात अमेरिकेतल्या बहिणीच्या अर्जाची वाट पाहणाऱ्या भावाचं जे अडलं, त्यातून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या इंजिनिअरचं सुटलं. याला कुणाची हुशारी म्हणायचं?

माझ्या मते पहिल्या दोन घरांचा निर्णय बरोबर होता, आणि तो कार्ड कुणाला आधी मिळालं यावरून नव्हे. आय-४८५ दाखल झालेला असणं हीच मधल्या काळातली मोठी मिळकत आहे. बायकोला स्वतःच्या नावाचा कामाचा परवाना मिळतो. अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिला आणि आय-१४० मंजूर असला, तर त्याच स्वरूपाच्या कामासाठी दुसऱ्या मालकाकडे जाता येतं; २००० सालच्या कायद्याने दिलेली ही सवलत आहे. नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याच्या हातात साठ दिवस असतात, प्रलंबित अर्जवाल्याचं तसं नसतं. म्हणून ‘कार्ड कधी?’ या प्रश्नाआधी ‘अर्ज कधी भरता येईल?’ हा प्रश्न विचारायला हवा.

ज्यांनी २००७ पाहिलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. त्या जुलैच्या बुलेटिनने जवळपास सगळ्यांच्या तारखा एकदम खुल्या केल्या. लोकांनी धावपळ करून अर्ज पाठवले, आणि २ जुलैला खात्याने जाहीर केलं की आकडे संपले, अर्ज घेणार नाही. भारतीयांनी त्यावर जो निषेध केला तो थेट मुंबईच्या मुन्नाभाईकडून घेतलेला होता: इमिग्रेशन खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ती फुलं वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे धाडली. १७ जुलैला निर्णय फिरला, अर्जांना १७ ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली. गांधीगिरीचं एवढं रोख फळ आपल्याकडेही क्वचित मिळालं असेल. त्या महिन्यात अविवाहितांपुढचा पेच वेगळाच होता. कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असेल तरच जोडीदार त्याच अर्जाच्या आधाराने येऊ शकतो. नंतर केलं तर वेगळी, लांबची रांग. ऐन आषाढात मुहूर्त नसताना रजिस्टर लग्न उरकायचं की नाही, हा प्रश्न घराघरांत निघाला तो या नियमामुळे.

दुसरा रस्ता मुंबईतून जातो. आय-४८५ न भरता अमेरिकी वकिलातीत मुलाखत देऊन कायमचा व्हिसा घेणं. भारतातल्या अशा बहुतेक मुलाखती वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुंबई वकिलातीत होतात. पूर्वी त्या ब्रीच कँडीच्या लिंकन हाऊसमध्ये होत, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात. या रस्त्याची एक बाजू फारशी कुणी लक्षात घेत नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज भविष्यातल्या नोकरीसाठी असतो. तोवर अमेरिकेत राहायलाच हवं अशी अट नाही. सांगलीकर उद्या कंटाळून हिंजवडीला परत आला तरी त्याची मार्च २०१४ शाबूत राहते, आणि तारीख आल्यावर एखादी कंपनी त्याला ती नोकरी द्यायला तयार असेल तर मुलाखत मुंबईत होऊ शकते. पोलिसांचा दाखला, ठरवून दिलेल्या रुग्णालयातली तपासणी, आणि काम होतं. तोटाही तेवढाच मोठा. मधल्या काळात ना ईएडी, ना नोकरी बदलायची १८० दिवसांची सवलत. आणि वकिलातीतल्या अधिकाऱ्याने नकार दिला तर अमेरिकी न्यायालयं त्यात सहसा हात घालत नाहीत. २०२० मध्ये ज्यांची फाइल या रस्त्यावर होती ते अडकले; अमेरिकेत राहून अर्ज केलेल्यांना ती स्थगिती लागू नव्हती. अमेरिकेत कायदेशीर राहत असाल तर हा रस्ता धरण्याचं कारण मला तरी क्वचितच दिसतं. परतायचं ठरलेलं असेल तर मात्र तोच खरा.

परतण्याला आणखी एक वळण आहे. बड्या कंपन्यांत वर्षभर पुण्याच्या कार्यालयात व्यवस्थापक म्हणून काम करायचं, मग त्याच पदावर एल-वन-ए व्हिसाने अमेरिकेत यायचं आणि बहुराष्ट्रीय व्यवस्थापकांसाठीच्या ‘ईबी-वन-सी’त अर्ज करायचा. जुनी तारीख बरोबर येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतासाठी ईबी-वनची अंतिम तारीख १५ फेब्रुवारी २०२२ होती, म्हणजे मार्च २०१४ वाला तिथे पोचताक्षणी रांगेच्या पुढे. मुलांच्या शाळा, घराचं कर्ज आणि बायकोची नोकरी यांचं काय करायचं, ते ज्याने त्याने पाहावं.

‘ईबी-वन-ए’ला मालकही लागत नाही. असामान्य गुणवत्तेचे दहा निकष आहेत, त्यांतले तीन पुरे करायचे, आणि मग एकूण मूल्यमापनात टिकायचं. संशोधकांना हा रस्ता न्याय्य आहे. पण पैसे भरून मिळणारे पुरस्कार, परीक्षक म्हणून बोलावणाऱ्या स्पर्धा आणि ओळखीने छापून आलेले लेख यांची जी दुकानं त्याच्याभोवती उभी राहिली आहेत, त्यांच्यापासून लांब राहावं. अधिकारीही आता ती ओळखायला लागले आहेत. ‘नॅशनल इंटरेस्ट वेव्हर’चा बोलबाला त्याहून जास्त. त्यात पर्म टळतं हे खरं, पण अर्ज शेवटी ईबी-टूतच जातो आणि भारतीयाला रांग तीच राहते. पैसेवाल्यांसाठी ईबी-फाइव्ह आहे: मार्च २०२२ च्या सुधारणेनंतर ग्रामीण किंवा बेरोजगारीच्या भागात आठ लाख डॉलर, म्हणजे सात कोटी रुपयांच्या आसपास. त्यात नोकरीच्या रांगेतली जुनी तारीख चालत नाही. पगारदाराने घर गहाण टाकून हा जुगार खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वांत स्वस्त वाट मात्र कित्येकांना माहीतच नसते. देश मोजतात तो जन्माचा, पासपोर्टचा नव्हे, आणि नवरा-बायकोपैकी कुणा एकाचा देश दोघांना चालतो. सांगलीकराची बायको नाशिकला न जन्मता, वडील आखातात नोकरीला असताना मस्कतला जन्मली असती, तर हे कुटुंब ओमानच्या खात्यात गेलं असतं. बहुतेक देशांसाठी ईबी-टूची तारीख ऑक्टोबर २०२५ मध्ये २०२३ च्या अखेरीपर्यंत आली होती. मार्च २०१४ ला एक दिवसही थांबावं लागलं नसतं. सासूबाईंच्या बाळंतपणाचं गाव असं कामाला येतं. मुलांचा जन्मदेश मात्र आईवडिलांना चालत नाही. न्यू जर्सीत जन्मलेला मुलगा २०३३ मध्ये एकवीसचा होईल तेव्हा तो आईवडिलांसाठी अर्ज करू शकेल, आणि त्या अर्जाला वार्षिक मर्यादा नाही. काही घरांत कंपनीआधी पोरगाच कार्ड मिळवून देईल, हा विनोद आता विनोद राहिलेला नाही.

पुण्यात जन्मलेल्या मुलीचं काय? ती २०२९ मध्ये एकवीसची होईल आणि आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडेल. २००२ चा कायदा तिच्या वयातून आय-१४० प्रलंबित होता तेवढा काळ वजा करू देतो, आणि तिची तारीख खुली झाली त्या दिवशीचं वय धरतो. खुली म्हणजे कोणत्या तक्त्यात? फेब्रुवारी २०२३ मध्ये इमिग्रेशन खात्याने अर्ज भरण्याच्या पुढच्या तारखेचा तक्ता धरायचं ठरवलं. हजारो मुलांना दिलासा मिळाला. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना पुन्हा अंतिम तारखेचा, मागचा तक्ता लागू झाला. आधी दाखल झालेल्यांना जुनाच नियम आहे. म्हणजे दुसऱ्या घराची, २०२० मध्ये अर्ज भरलेली मुलगी सुरक्षित आहे, कार्ड आलेलं नसतानाही. ज्यांचा अर्जच अजून गेलेला नाही अशांच्या मुलीला एकविसाव्या वर्षी विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, ज्या गावात ती बालवाडीत गेली त्याच गावात परदेशी विद्यार्थिनी म्हणून. ज्या घरात पंधरा-सोळा वर्षांचं मूल आहे त्या घराने बाकीचे सगळे हिशेब बाजूला ठेवून आधी हा मांडावा.

आणखी एक ठरवायचं असतं: अर्ज दाखल झाल्यावर एच-वन-बी चालू ठेवायचा की ईएडीवर जायचं. ईएडीत मोकळेपणा आहे, पण आय-४८५ नाकारला गेला तर पायाखाली काही उरत नाही. आय-१४० मंजूर असलेल्याला एच-वन-बी सहा वर्षांपुढेही तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. १९ सप्टेंबर २०२५ ला ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकल्याची घोषणा केली, तेव्हा सुट्टीवर भारतात आलेल्यांनी मिळेल त्या विमानाने परत धाव घेतली. तो भार जुन्या व्हिसाधारकांना नाही हे सरकारने नंतर स्पष्ट केलं. कमावता माणूस एकच असेल तर त्याने एच-वन-बी राखावा आणि जोडीदाराने ईएडी वापरावी, ही जुनी सावध पद्धत मला अजूनही बरी वाटते.

शेवटी एक गोष्ट इकडच्या वाचकांना सांगायची आहे, कारण ती न्यू जर्सीत होत नाही, इथेच होते. या सगळ्या वाटा शेवटी जन्मदाखल्यापाशी येऊन मिळतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत खेड्यांत जन्मलेल्या कित्येकांची नोंद ग्रामपंचायतीत नाही, असली तर बाळाचं नाव नाही, किंवा शाळेत गुरुजींनी घातलेली १ जूनच पुढे पासपोर्टपर्यंत गेली आहे. शाळा सोडल्याचा दाखला एकट्याने पुरत नाही. नोंद नसेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला लागतो, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. ती माहिती असलेली माणसं म्हणजे बहुतेक वेळा आईवडीलच. तारीख खुली होते तेव्हा अर्जाला कधी एकच महिना मिळतो आणि मग गावाकडे धावपळ सुरू होते. मुलगा-मुलगी किंवा सून-जावई तिकडे असतील, तर या दिवाळीत दोघांचेही दाखले काढून पाहा, नावांची स्पेलिंगं पासपोर्टशी ताडून घ्या, आणि प्रतिज्ञापत्रं तुमचे हात सही करताहेत तोवर करून ठेवा.